माप आधी, लिफ्ट मागाहून

धार जिल्ह्यात राजगडजवळ मोहनखेडा हे जैन बांधवांचे मोठे तीर्थस्थान आहे. आचार्य राजेंद्रसूरी यांची समाधी तेथे असून पौष शुद्ध सप्तमीस गुरुसप्तमीचा मेळा भरतो. इंदूर-अहमदाबाद महामार्ग राजगडवरून जात असल्यामुळे यात्रेकरूंच्या मोटारी, जीपगाड्या आणि लहान बसगाड्या यांची वर्दळ त्या बाजूला सदैव असते. त्याच जिल्ह्यातील पिथमपूर हे मोटारींच्या कारखान्यांचे गाव. आयशरचे ट्रक तेथे १९८६ पासून तयार होत आहेत, आणि २०२१ साली ११.३ किलोमीटर लांबीचा, मोटारींच्या वेगाची परीक्षा घेणारा मार्गही तेथे सुरू झाला. धार आणि देवास ही पूर्वीची पवारांची संस्थाने. म्हणून मराठी घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कारखान्यांमुळे त्यांत नव्या कुटुंबांची भर पडली.

मोहनखेड्याच्या आसपास राहणाऱ्या अशाच एका ख्रिस्ती कुटुंबाकडून या सदराकडे प्रश्न आला आहे. थोरला मुलगा कारखान्यात हाताचे काम शिकला. आता घराला लागून असलेल्या खोलीत त्याला गॅरेज काढावयाचे आहे. खोली १२ फूट रुंद, २० फूट लांब आणि १० फूट उंच आहे. गाडी उचलण्याची लिफ्ट केवढी घ्यावी, यावर घरात एकमत नाही. विक्रेता म्हणतो, मोठीच घ्या, पुढे उपयोगी पडेल. आजोबा म्हणतात, जॅक असताना लिफ्ट हवीच कशाला?

प्रथम आजोबांच्या शंकेचा विचार करू. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे. गाडी धरून ठेवण्याचे नव्हे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. गाडी उचलल्यावर तिच्याखाली लोखंडी घोड्या लावाव्यात, चाकांना पाचरी द्याव्यात, आणि मगच हात घालावा. जमिनीत खड्डा खणून काम करण्याची जुनी रीतही पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात उतरते आणि तेथेच साचून राहते. एखादी ठिणगी पडली की अनर्थ ओढवतो. तेव्हा रोज गाडीखाली काम करावयाचे असेल, तर लिफ्ट ही चैन नव्हे.

आता विक्रेत्याच्या सल्ल्याकडे वळू. "मोठी" हा शब्द येथे अपुरा आहे. लिफ्टला चार मापे असतात, आणि चारही जुळली तरच ती योग्य मापाची म्हणावी.

पहिले माप वजनाचे. गाडीच्या नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. मालवाहू गाडीचे भरलेले वजनही असते. आल्टोसारखी लहान मोटार पाऊण टनाच्या आसपास भरते. बोलेरो दीड टनाच्या वर जाते. मालाने भरलेला पिकअप तीन टनांच्या घरात पोहोचतो. लिफ्टवर लिहिलेला आकडा हा चारही हातांचा मिळून असतो, हे ध्यानात ठेवावे. चार टनांच्या लिफ्टचा एकेक हात एक टनच पेलतो. गाडीचे इंजिन बहुधा पुढे असते. म्हणून पुढच्या दोन हातांवर भार अधिक येतो. यास्तव सर्वांत जड गाडीच्या वजनापेक्षा लिफ्टची शक्ती बरीच अधिक असावी, आणि गाडी बनविणाऱ्याने नेमून दिलेल्या जागांवरच हात टेकवावेत.

दुसरे माप उंचीचे, आणि येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. मनुष्याला गाडीखाली ताठ उभे राहून काम करावयाचे, तर गाडीचा तळ सुमारे १.८ मीटर वर जावयास हवा. बोलेरोची उंची सुमारे १.८८ मीटर आहे. तळापासून टपापर्यंत ती साधारण १.७ मीटर भरते. दोहोंची बेरीज साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट झाली. वर वीतभर मोकळी जागा हवीच. दहा फुटांच्या, म्हणजे ३.०५ मीटरच्या, खोलीत ही गाडी सव्वा मीटरपेक्षा वर जाऊच शकणार नाही. टप छताला लागेल. पत्र्याचे उतरते छप्पर असेल, तर माप सर्वांत खालच्या ठिकाणी घ्यावे. तुळई, पंखा आणि दिवा यांना विसरू नये.

तिसरे माप रुंदीचे. दोन खांबांच्या लिफ्टला बाहेरून बाहेर सुमारे ११ फूट जागा लागते. बारा फुटांच्या खोलीत खांब कसेबसे बसतील, पण त्यांच्या बाजूने माणसाला जाता येणार नाही. अडचणीच्या वेळी गाडीपासून दूर पळण्यास वाट नसणे, हे गॅरेजमध्ये सर्वांत वाईट.

चौथे माप डोळ्यांना दिसत नाही; ते जमिनीखाली असते. खांबांची लिफ्ट बोल्टांनी काँक्रीटला धरलेली असते. बनविणारे बहुधा चार ते सहा इंच जाडीचे अखंड आणि मजबूत काँक्रीट मागतात, आणि ते ओतल्यावर २८ दिवस पक्के होऊ द्यावे लागते. शहाबादी फरशीवर किंवा जुन्या, भेगाळलेल्या कोब्यावर बोल्ट ठोकणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय. माळव्याची काळी माती तर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेली जमीन वर्षा-दोन वर्षांत तडकते. म्हणून तेथे काळी माती उकरून, मुरूम भरून, धुमस करून मगच सळईचे काँक्रीट घालावे. या कामी गवंड्याच्या अंदाजावर न राहता जाणत्या इंजिनियरचा सल्ला घ्यावा. लिफ्टच्या किमतीत या जमिनीचा खर्च विक्रेता सांगत नाही. तो आपणच मांडावयाचा असतो.

ही चार मापे लावून पाहता या कुटुंबाला आमचे सांगणे असे. आजच्या खोलीत दोन खांबांची उंच लिफ्ट बसत नाही. कात्रीसारखी उघडणारी, मीटर-सव्वा मीटर उचलणारी, तीन टनांची लिफ्ट तेथे शोभेल. तिच्यावर टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनची कामे बुटक्या स्टुलावर बसून नीट होतात. तिचा सांगाडा गाडीच्या पोटाखाली येत असल्यामुळे गिअरबॉक्सचे काम मात्र अडते. तशी कामे अधिक येऊ लागली, तर चार पैसे साठवून छप्पर चौदा फुटांवर न्यावे, खोली रुंद करावी आणि तेव्हा मोठी लिफ्ट घ्यावी. लहान खोलीत मोठी लिफ्ट कोंबण्यासाठी आज कर्ज काढू नये. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टांत संत लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात आहे. तो गॅरेजलाही लागू पडतो.

विजेचा विचारही आधीच करावा. काही लिफ्टना तीन फेजची वीज लागते, काहींना घरातली एक फेज पुरते. शेतीची तीन फेजची वीज नेमक्या तासांपुरतीच मिळत असेल, तर तिच्या भरवशावर लिफ्ट घेऊ नये. गाडी वर असताना वीज गेल्यास ती हाताने सावकाश उतरविण्याची सोय आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी करून दाखवावयास सांगावे.

लिफ्ट गाडी कशी उचलते, हेही मुलांनी समजून घ्यावे. सतराव्या शतकातील कॅथलिक विचारवंत ब्लेझ पास्काल यांनी दाखवून दिले की, कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. त्यामुळे लहान दट्ट्याच्या जोरावर मोठा दट्ट्या मोटार उचलतो. परंतु नळी फुटली की दाब गेला, आणि दाब गेला की गाडी खाली आली. म्हणून चांगल्या लिफ्टला लोखंडी खिट्ट्या असतात. गाडी हव्या त्या उंचीवर नेऊन किंचित खाली सोडावी, खिट्टीवर टेकवावी, आणि मगच तिच्याखाली जावे. भार तेलावर नव्हे, लोखंडावर असावा.

खरी परीक्षा मात्र मेळ्याच्या दिवसांत होईल. यात्रेकरूंची बारा-पंधरा आसनांची गाडी दारात येऊन उभी राहील, मालक घाईत असेल, दुप्पट पैसे देऊ करील आणि म्हणेल, "एकदाच उचला, काही होत नाही." त्या घडीला लिफ्टवरील आकडा वाचून नम्रपणे "नाही" म्हणणे हाच त्या मुलाचा धर्म होय. जुन्या करारातील अनुवादाच्या ग्रंथात, बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे की त्याने धाब्याला कठडा करावा. कोणी वरून पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल. आपल्या अंगणातील लिफ्टची खिट्टी, तिचा आकडा आणि तिच्याखालचे काँक्रीट हा आपल्या घराचा कठडाच आहे. तिच्याखाली आज आपला मुलगा उभा राहील, उद्या हाताखाली शिकावयास आलेला शेजाऱ्याचा मुलगा. त्याच्या आईने त्याला आपल्या भरवशावर धाडलेले असते.

बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. पुष्कळ कुटुंबे त्या दिवशी आपली हत्यारे आशीर्वादासाठी आणतात, आणि ती रीत उत्तम आहे. ज्यांना त्या सणास नव्या गॅरेजवर आशीर्वाद हवा असेल, त्यांनी आपल्या धर्मगुरूंना अवश्य बोलवावे. मात्र त्यापूर्वी मापपट्टी घेऊन खोली मोजावी, जमीन तपासून घ्यावी, गाड्यांची वजने एका कागदावर लिहावीत, आणि तो कागद लिफ्टशेजारच्या भिंतीवर, घाईतल्या गिऱ्हाइकालाही वाचता येईल अशा ठिकाणी लावावा.