लकव्याच्या रुग्णाचा घरातील व्यायाम आणि सरकारची जबाबदारी

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या सरहद्दीकडील बेला, जैनथ, तांसी या मंडळांत एखाद्या कर्त्या पुरुषाला लकवा मारला, म्हणजे त्याला आदिलाबादच्या 'रिम्स' या सरकारी रुग्णालयात न्यावे, तेथे निभावले नाही तर नागपूर वा हैदराबाद गाठावे, एवढी नातेवाइकांची धावपळ साऱ्या गावाला दिसते. परंतु प्राण वाचून तो मनुष्य घरी परतल्यावर जे महिनोन्महिन्यांचे कष्टसाध्य कार्य सुरू होते, ते बहुधा त्याच्या पत्नीच्या वा सुनेच्या शिरावर पडते, आणि तिला ते शिकविण्याची तजवीज क्वचितच झालेली असते.

लकव्यात मेंदूचा मृत झालेला भाग पुन्हा सजीव होत नसला, तरी उरलेला भाग पुनःपुन्हा केलेल्या क्रियेतून गेलेले काम अंशतः उचलू शकतो, आणि ही क्षमता पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असते. त्या अवधीत तेलाने अंग रगडून भागत नाही. रुग्णाने स्वतः पेला धरण्याचा, खाटेवरून उठून उभे राहण्याचा यत्न नित्य करावयाचा असतो. त्याला उठविताना दुर्बल हात धरून ओढला, तर खांदा सांध्यातून सरकण्याची भीती असते. निजलेल्या स्थितीत भरविले, तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. घरच्यांची माया कितीही उत्कट असली, तरी अज्ञानामुळे असे अपाय घडतात.

तथापि कुटुंबाला एकदा शिकविले की सरकार मोकळे झाले, असेही कोणी मानू नये. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांचा 'अटेंड' हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आप्तांना प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करविल्यानंतरही, सहा महिन्यांअखेर मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांहून कमी झाल्याचे आढळले नाही. यावरून घरचा व्यायाम व्यर्थ ठरतो, असे मी समजत नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाचे सारे काम आप्तांवर सोपवून निभावत नाही, एवढा बोध मात्र मी त्यातून घेतो.

यास्तव प्रत्येक मंडळात ठरावीक दिवशी भौतिकोपचारतज्ज्ञाची फेरी व्हावी, आशा कार्यकर्तीने घरी परतलेल्या रुग्णांची नोंद दप्तरी ठेवावी, आणि व्यायामाच्या सूचना तेलुगूबरोबरच मराठीत व गोंडीतही समजावून द्याव्यात. कुटुंबे आपला वाटा उचलीत आहेत. जिल्हा प्रशासनाने आपल्या वाट्याची ही तरतूद विनाविलंब करावी.