शेवटच्या रांगेकडे पाहा

सोसायट्यांच्या सभागृहांत, शाळांच्या गच्च्यांवर आणि मंगल कार्यालयांच्या रिकाम्या वेळांत आज एरोबिक नृत्याचे वर्ग भरतात. कोणी त्यांस झुंबा म्हणतो, कोणी आणखी काही. नाव कोणतेही असो, संगीताच्या ठेक्यावर अर्धा-पाऊण तास शरीर सलग हलते ठेवून हृदयाची व फुप्फुसांची क्षमता वाढवावयाची, हे तत्त्व एकच. दिवसभर फळ्यापुढे उभे राहणारा शिक्षक, टेबलाशी जखडलेला कारकून आणि पुस्तकात मान घालून बसलेला विद्यार्थी यांना अशा व्यायामाची गरज आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. फसगत होते ती वर्ग निवडताना. कारण वर्ग पाहावयास गेलेला माणूस पहिली रांग पाहून परततो. भिंतभर आरसा, दणदणीत संगीत आणि शिकविणाऱ्याची चपळाई यांनी तो दिपून जातो. पाहावयाची असते ती शेवटची रांग. ज्यांना व्यायामाची सर्वाधिक निकड, ती स्थूल, वयस्क, संकोची मंडळी तेथेच उभी असतात आणि वर्ग सोडून जातात तीही तीच.

या प्रकाराच्या जन्मकथेतच ही गोष्ट आहे. अमेरिकी वायुदलातील डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून जॅकी सोरेनसन यांनी पुढच्याच वर्षी पोर्तो रिको येथील वायुदलाच्या तळावर एरोबिक नृत्याचा वर्ग सुरू केला. त्याच सुमारास शिकागोजवळ जॅझ नृत्य शिकविणाऱ्या ज्यूडी शेपर्ड मिसेट यांच्या लक्षात आले की, त्यांच्याकडे येणाऱ्या गृहिणी फार दिवस टिकत नाहीत. त्यांना नर्तकी व्हावयाचे नव्हते; व्यायाम हवा होता. मिसेटबाईंनी त्यांची तोंडे आरशाकडून फिरविली आणि पदन्यास सोपे केले. गृहिणी टिकल्या, त्यातूनच ‘जाझरसाइज’ उभे राहिले. आपल्याकडील अनेक वर्गांत मात्र आरसा हीच मुख्य शोभा!

दुसरा धडा महागात पडलेला आहे. १९८२ साली जेन फोंडा यांची व्यायामाची चित्रफीत आली आणि त्या दशकात उड्यांचे जणू वेडच लागले. नडग्या व गुडघे दुखावू लागले, तेव्हा एक पाऊल सदैव जमिनीवर ठेवणारी सौम्य पद्धत पुढे आली. सिमेंटवर बसविलेली फरशी दबत नाही. उडीचा हादरा पायालाच सोसावा लागतो. लाकडी जमीन उत्तम, परंतु ती सर्वत्र कोठून मिळणार? तेव्हा निदान उडीला पर्यायी हालचाल शिकविली जाते काय, आणि ती घेणाऱ्याकडे शिक्षक तुच्छतेने पाहत नाही ना, एवढे तरी तपासावे.

प्रवेश देताना रक्तदाब, हृदयविकार, जुने दुखणे यांची चौकशी होत नसेल, तर तेथून परतलेले बरे. आरंभी अंग हळूहळू तापविणे आणि शेवटी गती क्रमाने उतरविणे यांना पाच-दहा मिनिटे मिळालीच पाहिजेत. वेगात असलेला माणूस एकाएकी थांबला तर रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते. मध्यम श्रमाची खूणही साधी आहे: व्यायाम करताना बोलता यावे, गाता येऊ नये. पण संगीत इतके मोठे असते की, शेजाऱ्याशी बोलून ही परीक्षा घ्यावी तरी कशी!

राहिला पैशाचा प्रश्न. वर्षाची फी एकरकमी भरल्यास सवलत, हे आमिष मध्यमवर्गीयांस हमखास भुलविते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांस आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम हवा. म्हणजे पन्नास मिनिटांचे तीन वर्ग. रोज येण्याचा आग्रह धरणाऱ्यास हे सांगावे, प्रथम एकाच महिन्याचे पैसे द्यावेत आणि महिनाअखेर आपल्या शेजारी पहिल्या दिवशी उभे असलेले किती जण उरले, ते मोजूनच पुढची पावती फाडावी.