सहाशे टोन, बेंडर नाही

गणेशोत्सवाच्या सुपाऱ्या उरकल्या की लग्नसराईआधी वाद्यांच्या दुकानांत गर्दी होते. हातात चार पैसे आलेले असतात, जुन्या कीबोर्डच्या दोन-तीन पट्ट्या दगा देत असतात, आणि वादक 20-25 हजार रुपये खिशात घालून काउंटरपाशी उभा राहतो. तिथून तो काय घेऊन बाहेर पडला, ते पुढच्या महिन्यात या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांतून कळते. या खेपेच्या पत्रांत तक्रार जवळपास एकच आहे. टोन भरपूर, ठेके भरपूर. पण बासरीवर मींड घ्यायला जावे तर बेंडर नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. आणि कार्यक्रमात साउंडवाल्याला लाइन द्यायची तर वाद्याला फक्त हेडफोनचे भोक.

ही पत्रे नवशिक्यांची नाहीत. भजनी मंडळात वर्षानुवर्षे साथ करणारे, ऑर्केस्ट्रात दुसऱ्याच्या वाद्यावर हात बसलेले, आता स्वतःचे पहिले वाद्य घेऊ पाहणारे वादक ती लिहितात. त्यांना काय हवे ते ठाऊक असते. पण खोक्यावर वाद्यात काय आहे ते ठळक अक्षरांत छापलेले असते. काय नाही ते कुठेही नसते. दुकानदारही टोन आणि ऱ्हिदमचे आकडेच वाचून दाखवतो, कारण दोन खोकी शेजारी ठेवल्यावर गिऱ्हाइकाला पटकन कळतात ते तेवढेच.

उदाहरण कॅसिओच्या दोन मॉडेलांचे घ्या. सीटी-एस200 आणि सीटी-एस300. दोन्हींना पूर्ण आकाराच्या 61 पट्ट्या, दोन्हींत 400 टोन आणि 77 ऱ्हिदम. दोन्ही वजनाला हलके, दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात. कपाटात शेजारी ठेवले तर डावीकडचे एक चाक सोडल्यास फरक डोळ्यात भरत नाही. पण एस300 ला टच आहे आणि पिच बेंडचे ते चाक आहे. एस200 ला दोन्ही नाहीत. म्हणजे वाजवणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी वाद्ये झाली. तरी काउंटरवर "दोन्ही सारखेच, हा जरा स्वस्त पडतो" हे वाक्य ऐकून एस200 उचलल्याची पत्रे आली आहेत.

यामाहाच्या पीएसआर-ई373 ची गोष्ट थोडी वेगळी. त्यात 622 टोन आणि 205 स्टाइल आहेत, टचही चांगला आहे. पियानोच्या अंगाने शिकणाऱ्या मुलाला तो वाईट नाही. पण बेंडरचे चाक त्यात नाही. भावगीताच्या मधल्या तुकड्यात बासरी किंवा सारंगी लावणाऱ्याला तो अपुरा पडणारच. ते चाक आणि मिक्सरकडे जाणारे डावे-उजवे वेगळे आउटपुट हवे असतील तर त्याच मालिकेतल्या ई473 पर्यंत जावे लागते.

बेंडरचा एवढा आग्रह का, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पण विक्रेत्यांसाठी लिहायला हवे. उजव्या हाताने रे दाबून ठेवायचा आणि डाव्या हाताने चाक पुढे सरकवत सूर ग वर न्यायचा, ही आपल्याकडची रोजची गरज आहे. बेंडची रेंज बहुतेक वाद्यांत सुरुवातीला दोन सेमीटोन ठेवलेली असते. शुद्ध रे ते शुद्ध ग तेवढ्यात बसतो. ग वरून प वर जायचे तर तीन सेमीटोन लागतात, आणि ती रेंज बदलता येते का हेही विचारून घ्यावे लागते. चाकच नसेल तर रे संपतो, ग सुरू होतो आणि मधली मींड गायकाच्या गळ्यातच राहते. टच नसेल तर सतारीच्या टोनवर दा आणि रा एकाच वजनाचे ऐकू येतात. चारशे टोनांचा साठा यावर उपाय करू शकत नाही. कार्यक्रमभर वादक सहसा पंधरा-वीस टोनांपलीकडे जातही नाही.

आउटपुटचे दुखणे स्टेजवर उभे राहिल्यावरच कळते. कमी किमतीच्या बऱ्याच वाद्यांत हेडफोन आणि आउटपुट यांचा जॅक एकच असतो, आणि काहींत तो 3.5 मिलिमीटरचा असतो. त्या स्टिरिओ जॅकमध्ये मोनो केबल घातली की एक बाजू शॉर्ट होते. पिन घातल्याबरोबर वाद्याचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, आणि मॉनिटर नसलेल्या मंडपात वादकाला आपण काय वाजवतो तेच ऐकू येत नाही. उलट रोलंडच्या एक्सपीएस-10 ला मुळात स्पीकरच नाहीत. त्याचे टोन आणि त्यात बाहेरचे वेव्ह सॅम्पल भरण्याची सोय यांमुळे तो ऑर्केस्ट्रात लोकप्रिय झाला. पण घरी रियाजासाठी हेडफोन किंवा छोटा अँप्लिफायर लागणार, ही रक्कम घेण्याआधीच हिशेबात धरायला हवी.

पॉलिफोनीच्या आकड्यालाही भुलू नये. 64 व्हॉइस म्हणजे 64 सूर एकाच वेळी वाजतील असे नव्हे. रोलंडच्या जुन्या एक्सपी मालिकेत एका पॅचमध्ये चारपर्यंत टोन असत. चारही लावलेला स्ट्रिंग्जचा पॅच घेतला की 64 व्हॉइसचे 16 सूर होतात. त्यावर सस्टेन पेडल दाबून धरले आणि खाली ठेका चालू ठेवला की आधीचे सूर तुटायला लागतात. दुकानात एका बोटाने सा वाजवून पाहिल्यास हे कळत नाही. दोन्ही हातांनी, पेडल दाबून, ठेका लावून वाजवले तर एका मिनिटात कळते.

एमआयडीआयची तक्रारही जुन्या वादकांकडून सतत येते. 1983 मध्ये ही पद्धत आली तेव्हापासून पाच पिनांच्या केबलने एक वाद्य दुसऱ्याला थेट जोडता येत होते. एसपीडी-20 ऑक्टापॅडवरून कीबोर्डचे टोन वाजवणारे कितीतरी वादक आजही आहेत. आताच्या स्वस्त कीबोर्डांत ते पाच पिनांचे सॉकेट गेले आणि फक्त "यूएसबी टू होस्ट" उरले. त्याला संगणक किंवा फोन लागतो. दोन वाद्ये त्या केबलने एकमेकांशी बोलत नाहीत. ऑक्टापॅड जोडायचा असेल त्याने पैसे देण्याआधी वाद्याची मागची बाजू पाहावी.

आता सरकारी बाजू. नोव्हेंबर 2017 मध्ये वाद्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि कीबोर्ड तिथेच अडकला आहे. 25 हजारांच्या बिलात सुमारे 3,800 रुपये कराचे असतात. जीएसटी नंबर असलेली इव्हेंट कंपनी हेच वाद्य व्यवसायासाठी घेऊन त्या कराची वजावट मिळवू शकते. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे लग्नात आणि जागरणात वाजवून घर चालवणारा वादक नोंदणीत नसतो आणि पूर्ण कर स्वतःच सोसतो. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना 2017 मध्ये करमुक्त यादीत जागा मिळाली, ते योग्यच झाले. पण ज्या वाद्यावर आज तालुक्या-तालुक्यांतल्या संचांची निम्मी साथ उभी आहे, त्याचा विचार करायला कुणाला सवड नाही.

त्याहून विचित्र प्रकार बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, नोंदणीचा आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीच्या 2012 च्या आदेशात सुरुवातीला 200 वॉट आणि त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यप्रणाली होत्या. 2020 मध्ये 200 वॉटच्या आतल्याही त्यात आल्या. सीटी-एस300 चा अडॅप्टर 9.5 व्होल्ट, 1 अँपिअरचा आहे. म्हणजे ते वाद्य 10 वॉटच्याही आत चालते. तरी त्यालाही तपासणी, चाचणी अहवाल आणि नोंदणी लागते, आणि ही नोंदणी प्रत्येक कारखान्यासाठी वेगळी करावी लागते. मोठ्या कंपन्यांना हे जमते. यामाहा तर 2019 पासून चेन्नईजवळच्या स्वतःच्या कारखान्यात कीबोर्ड बनवते. पण वर्षाला मोजके नग विकणाऱ्या छोट्या परदेशी सिंथ उत्पादकाला हा खर्च परवडत नाही, आणि तो या बाजाराकडे फिरकतच नाही.

परिणाम काय झाला? हवे ते वाद्य रीतसर मिळत नाही म्हणून वादक ते कुणाच्या तरी सामानातून मागवतो किंवा जुन्या बाजारात शोधतो. तिथे वॉरंटी नाही, बिल नाही. जपानहून आलेले जुने एक्सपी-80 किंवा तसलेच वाद्य 100 व्होल्टचे असते. त्याचा पॉवर सप्लाय आतच असतो आणि आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये घातले की तो जळतो. मूळ अडॅप्टर हरवला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा घेतला जातो. यामाहाच्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरची पिन मधोमध धन असते. रोलंडच्या अनेक वाद्यांना 9 व्होल्ट लागतात आणि पिन मधोमध ऋण असते. दिसायला दोन्ही सारख्या. लोकांना शॉक बसू नये, आग लागू नये म्हणून केलेला नियम गरीब वादकाला जास्त धोक्याच्या वाद्याकडे ढकलतो आहे, आणि याची दखल घ्यायला संबंधित खाते तयार नाही. सुरक्षेला कुणाचाच विरोध नाही. कमी वॉटच्या, सुट्या अडॅप्टरवर चालणाऱ्या वाद्यांसाठी फक्त अडॅप्टरची तपासणी पुरेशी मानावी, एवढी साधी मागणी आहे.

मात्र सगळा दोष दिल्लीवर टाकून क्लासचालकांना सुटता येणार नाही. पालक मुलाचे नाव घालतात तेव्हा पहिला प्रश्न "कोणता कीबोर्ड घेऊ?" हाच असतो. त्यावर "सध्या कुठलाही घ्या, पुढे बघू" असे उत्तर देणारे क्लास थोडे नाहीत. मूल दोन वर्षे टच नसलेल्या पट्ट्यांवर बोटे आपटायला शिकते, आणि मग चांगल्या वाद्यावर हळू वाजवताच येत नाही. काही क्लास ठरावीक दुकानाची चिठ्ठी देतात आणि त्या चिठ्ठीमागे टक्केवारी असते, हेही पत्रांतून पुन्हा पुन्हा आले आहे. ज्यांच्या शब्दावर पालक विश्वास ठेवतात त्यांनी तरी हा व्यवहार बंद करावा. 25 हजारांची वाद्यखरेदी हा अनेक घरांत वर्षातला सर्वांत मोठा खर्च असतो.

जुने वाद्य घेणाऱ्यांनी घाई करू नये. सगळ्या 61 पट्ट्या एकेक करून आधी अगदी हळू, मग जोरात वाजवाव्यात. एखादी पट्टी हळू दाबूनही ठणकन वाजत असेल, किंवा मधूनच मुकी होत असेल, तर आतले रबरी संपर्क झिजले आहेत. बेंडर सोडल्यावर सूर नेमका जागेवर येतो का, ते तानपुऱ्याच्या ॲपशी ताडून पाहावे. वाद्य बंद करून पुन्हा चालू केल्यावर साठवलेले पॅच तसेच आहेत का ते बघावे. नसतील तर आतली बॅटरी संपली आहे. पेडल स्वतःचे न्यावे. कंपन्यांच्या पेडलची पोलॅरिटी उलटसुलट असू शकते आणि पाय दाबला की सूर थांबतो. असे झाले तर पेडल लावलेले ठेवून वाद्य बंद-चालू करून पाहावे. बरीच वाद्ये चालू होताना पोलॅरिटी ओळखतात. नवे घेणाऱ्यांनी वाद्याच्या तळाच्या लेबलवर "आर-" ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक शोधावा आणि बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे तपासावा.

आता काम वाचकांचे आहे. प्रत्येक विक्रेत्याने मांडणीतल्या प्रत्येक कीबोर्डवर एक कार्ड लावावे, अशी मागणी काउंटरवर उभे राहून करा. टच आहे की नाही, बेंडर आहे की नाही, पॉलिफोनी किती, लाइन आउट कोणता, पाच पिनांचे एमआयडीआय आहे का, स्पीकर आहेत का, अडॅप्टर किती व्होल्टचा आणि पिन मधोमध धन की ऋण: एवढ्या सात ओळी. टोनची संख्या खाली, बारीक अक्षरांत चालेल. कार्ड नसेल तर वाद्य तिथेच वाजवून या सात ओळी स्वतः भरा आणि त्या पाहूनच पैसे द्या. वादक संघटनांनी बीआयएस आणि जीएसटी या दोन्ही प्रश्नांवर आपापल्या खासदारांना लेखी निवेदने द्यावीत. तोंडी आश्वासनांवर आतापर्यंत पुरेसा वेळ गेला आहे. क्लासचालकांनी नव्या बॅचच्या आधी पालकांची एक बैठक घ्यावी, टच असलेले आणि नसलेले अशी दोन वाद्ये शेजारी ठेवून एकच तान दोन्हींवर वाजवून दाखवावी.

भरलेली कार्डे या मासिकाकडे पाठवा. मॉडेलचे पूर्ण नाव, खरेदीचे वर्ष आणि बिलातली करासह किंमत जरूर लिहा. दुकानाचे नाव छापले जाणार नाही. येतील तेवढ्या मॉडेलांची माहिती लग्नसराईच्या आधीच्या अंकात एकत्र छापली जाईल, म्हणून कार्डे या महिन्याच्या अखेरीपर्यंत पोस्टात पडायला हवीत.