८५ टक्के सूट आहे, पण गेम चालणार कशावर? जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेम्सच्या वीकेंड सेलचा हिशोब

शनिवारी दुपारी कडेगावहून मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एक स्क्रीनशॉट आणि खाली तीन शब्द: "दादा, घेऊ का?"

स्क्रीनशॉटमध्ये जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेम्सची रांग, प्रत्येकावर उणे ७५, उणे ८५ असे आकडे आणि वर उलटं पळणारं घड्याळ. पोरगा बारावीत आहे. घरात कॉम्प्युटर नाही. हातात अँड्रॉइड फोन आणि यूपीआयला जोडलेल्या खात्यात दोनशे रुपये. मी त्याला लगेच "घे" म्हणालो नाही, "नको"ही म्हणालो नाही. कारण या प्रश्नात चार-पाच प्रश्न दडलेत, आणि असे सेल वर्षभर येत राहणार आहेत. तर एकदा नीट बघून टाकू.

आधी हे गेम म्हणजे काय

अ‍ॅडव्हेंचर म्हटलं की आपल्याला शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला प्रिन्स ऑफ पर्शिया आठवतो. तो उड्या मारायचा आणि तलवारीचा गेम. इथे क्लासिक अ‍ॅडव्हेंचर म्हणजे गोष्ट आणि कोडी. बोटं किती वेगात चालतात याला किंमत नाही, डोकं चाललं पाहिजे.

सुरुवात १९७६ ची. विल क्राउदर नावाचा अमेरिकन प्रोग्रामर गुहांमध्ये फिरायचा, त्याने केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेवरून फक्त शब्दांचा गेम बनवला. पुढच्या वर्षी डॉन वूड्सने तो वाढवला. देवराष्ट्रेच्या कुणी सागरेश्वरचा डोंगर, पायथ्याची देवळं आणि पायवाटा जशाच्या तशा कॉम्प्युटरमध्ये उतरवाव्यात, तसला प्रकार. मग १९८४ मध्ये सिएरा कंपनीचा किंग्ज क्वेस्ट आला, १९८७ ला मॅनिअ‍ॅक मॅन्शन, १९९० ला मंकी आयलंड, १९९३ ला मिस्ट. सेलमध्ये जे दिसतं ते बहुतेक याच खानदानातलं.

घेण्याआधी एक फरक माहीत हवा. सिएराचे जुने गेम निर्दयी आहेत. पहिल्या अर्ध्या तासात एखादी वस्तू उचलायची राहिली, तर पाच तासांनी कळतं की आता पुढे जाताच येत नाही. मंकी आयलंड बनवणाऱ्या लुकासफिल्मच्या टीमने ठरवून असं करायचं टाळलं. पहिल्यांदाच हात घालत असाल तर मंकी आयलंडच्या बाजूने या. मात्र त्यातली तलवारबाजी टोमण्यांवर चालते आणि टोमणे इंग्रजीतल्या शब्दखेळांचे आहेत. इंग्रजी बेताचं असेल तर अर्धी मजा जाते. चेक प्रजासत्ताकातल्या अमानिटा डिझाइनचा मशिनेरियम (२००९) हा त्यावरचा उतारा: संवादांत एकही शब्द नाही, सगळं चित्रांतून. आणि तो प्ले स्टोअरवरही आहे.

एवढी सूट परवडते कशी?

तीस वर्षांपूर्वीच्या गेमचा खर्च कधीच वसूल झालाय. गोदाम नाही, ट्रक नाही, आणखी एक कॉपी विकायला खर्च जवळजवळ शून्य. त्यामुळे दीडशे रुपयांत विकला तरी दुकानाचा हिस्सा (स्टीम साधारण ३० टक्के घेतं) वजा जाता उरलेला पैसा प्रकाशकाला जवळजवळ निव्वळ मिळतो. शिवाय सेलमध्ये विक्री वाढली की गेम यादीत वर येतो आणि पुढचे काही दिवस लोकांच्या नजरेत राहतो.

हा पैसा जातो कुणाला, हे मात्र गमतीचं आहे. लुकासफिल्म २०१२ मध्ये डिस्नेने घेतली, म्हणजे मंकी आयलंड डिस्नेचा. सिएराचे हक्क अ‍ॅक्टिव्हिजनकडे होते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनच मायक्रोसॉफ्टकडे गेली. म्हणजे किंग्ज क्वेस्ट घेऊन तुम्ही कुठल्या गरीब कलाकाराला हात देत नाही. याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) बघा. तो अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर आहे, क्लासिक नव्हे. पण किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत तरी त्या पोरांनी तो पूर्ण केला. असा गेम सेलमध्ये दिसला आणि तुमच्याकडे चालणारं मशीन असेल, तर घासाघीस करू नका असं माझं मत.

घड्याळाला घाबरू नका

स्टीमचे वीकेंड डील गुरुवारी रात्री सुरू होतात आणि सोमवारी रात्री साडेदहाला (अमेरिकेत हिवाळी वेळ असेल तर साडेअकराला) संपतात. घड्याळ खरं असतं, पण त्यातून तयार होणारी घाई खोटी असते. स्टीमचे प्रकाशकांसाठी नियम आहेत: किंमत वाढवली की ३० दिवस सूट देता येत नाही, आणि मोठे मोसमी सेल सोडले तर दोन सवलतींत साधारण ३० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे आज चुकलं तर वर्षभरात तोच गेम त्याच भावात पुन्हा येण्याची शक्यता दांडगी. स्टीमडीबी या साइटवर गेमचं नाव टाका, आजवरची सगळ्यात कमी किंमत दिसते. गलाईवाल्यांच्या मुलुखातल्या माणसाला जुना भाव बघितल्याशिवाय सौदा करू नये हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे सरकारनेही ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फसव्या डिझाइनचे १३ प्रकार त्यात दिलेत आणि पहिलाच आहे खोटी घाई लावण्याचा. "फक्त दोनच शिल्लक" असं डिजिटल वस्तूबद्दल कुणी लिहिलं, तर तिथेच टॅब बंद करा.

आणि सेलच्या दिवसांत टेलिग्रामवर फिरणाऱ्या "आणखी स्वस्त की" च्या लिंक उघडू नका. स्टीमसारखं दिसणारं लॉगिनचं खोटं पान बनवणं अवघड नाही. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

दीडशेचा गेम, पण पैसे भरायचे कसे

स्टीमवर २०१५ पासून भारतासाठी रुपयांत किंमती आहेत आणि यूपीआयही चालतं. गॉग हे पोलंडचं दुकान २००८ मध्ये जुने गेम विकण्यासाठीच सुरू झालं, पण तिथे किंमत डॉलरमध्ये दिसते. समजा ९.९९ डॉलरचा गेम ८५ टक्के सुटीने दीड डॉलरला आहे. डॉलर नव्वदच्या आसपास धरला तर १३५ रुपये, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार (बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत) आणि त्या आकारावर जीएसटी. रक्कम छोटी आहे म्हणून चार-सहा रुपयांवर भागतं. खरी अडचण वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात. कार्ड वडिलांचं असेल तर त्यांना विचारून करा, मर्यादा पाचशे रुपयांवर ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का?

नाही. स्टीमवर तुम्ही गेम नाही, गेम वापरण्याचा परवाना घेता. हे बारीक अक्षरांत पहिल्यापासून होतंच. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की असा परवाना विकताना ग्राहकाला ते स्पष्ट सांगा, आणि तो लागू होण्याआधीच स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना टाकली. ही भीती हवेतली नाही. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला द क्रू या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातात असूनही चालेनासा झाला.

गॉग इथे वेगळं पडतं. त्यांच्या गेमला डीआरएमचं कुलूप नाही. इन्स्टॉलर डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवला की दुकान उद्या बंद झालं तरी गेम चालतो. दोन्हीकडे एकाच भावात असेल तर मी गॉग घेईन, भले चार रुपये जास्त जावोत. परत करण्याची सोयही तिथे ३० दिवस आहे. स्टीमवर १४ दिवस, आणि खेळून दोन तास व्हायच्या आत.

याला आणखी एक बाजू आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेच विकत मिळत नाहीत. सेलमध्ये दिसतात ते वाचलेले. बाकीच्यांचा हक्क कुणाकडे आहे हेच धड ठरत नाही, मग विकणार कोण?

आता फोनचं काय

भावाचा सौदा इथे अडला. स्टीम आणि गॉगवरचे हे गेम विंडोजसाठी असतात. फोनच्या ब्राउझरवरून पैसे भरता येतात, गेम फोनवर चालत नाही, आणि सेलच्या पोस्टरवर हे कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही.

पण वाट आहे. त्या काळच्या बऱ्याच गेमचे दोन भाग असायचे: एकात चित्रं, आवाज, संवाद, दुसऱ्यात ते चालवणारं इंजिन. स्कमव्हीएम हे २००१ पासूनचं मोफत सॉफ्टवेअर फक्त इंजिन नव्याने लिहितं. वग तोच, फड नवा. अँड्रॉइडवर स्कमव्हीएम टाका, गेमच्या मूळ फाइल्स फोनमध्ये कॉपी करा, झालं. फक्त गॉगचा इन्स्टॉलर ईएक्सई असतो, त्यातून त्या फाइल्स काढायला एकदा कॉम्प्युटर लागतो. मित्राचा लॅपटॉप अर्धा तास पुरतो. रीमास्टर केलेल्या आवृत्त्या मात्र यावर चालतील असं समजू नका.

त्यातही बिनीथ अ स्टील स्काय (१९९४) हा गेम रिव्होल्यूशन कंपनीने २००३ मध्येच मोफत केला. स्कमव्हीएमच्या साइटवर झिप मिळते, आवाजासकट शंभर एमबीच्या आत. चोरीचा नाही, क्रॅक नाही, कॉम्प्युटरही लागत नाही.

भावाला तेच सांगितलं. दोनशे रुपये खात्यातच राहिले. रविवारी रात्री अकराला पुन्हा मेसेज: "दादा, पयलं दारच उघडंना."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. थोडं शोधू दे.