सोन्याची लंका काळी का पडली?

कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींतून उल्हासनगर उभे राहिले. फाळणीनंतर सिंध सोडावा लागलेले हिंदू येथे उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली. शहाड स्थानकाजवळच्या कॅम्प १ मध्ये जी कुटुंबे वसली, त्यांची घरे, शेते, देवळे सिंधूकाठी राहिली. सोबत आले ते झुलेलालाचे स्मरण आणि राम-कृष्णांच्या कथा. सर्वस्व गमावलेल्या समाजाला अशा कथा करमणुकीचे साधन वाटत नाहीत. ती त्याची उरलेली मिळकत असते.

या वस्तीत चित्रपटावर जन्मभर प्रेम करणारा प्रेक्षक तयार झाला. त्याने १९६१ चे ‘संपूर्ण रामायण’ पाहिले. फाळणीत स्वतः विस्थापित झालेल्या रामानंद सागर यांच्या मालिकेसाठी १९८७ मध्ये तो रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसला. पुढे पीटर जॅक्सन यांचे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ही त्याने पाहिले. १६ जून २०२३ रोजी ओम राऊत यांचा ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला, तेव्हा मोठ्या श्रद्धेने तिकीट काढणाऱ्यांत तोही होता. त्याच्या पदरात काय पडले? वाल्मीकींची सुवर्णनगरी काळवंडून गेली होती, आणि रामदूताच्या तोंडी गल्लीतील टपोरीची भाषा होती!

चमत्कार खोटे वाटले, ही या प्रेक्षकाची तक्रार नाही. उडणारा वानर त्याला बालपणापासून मान्य आहे. १९१७ मध्ये दादासाहेब फाळके यांच्यापाशी संगणक नव्हता. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. तरीही प्रेक्षकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला, कारण साधने तोकडी असली तरी भाव अस्सल होता. ‘आदिपुरुष’पाशी शेकडो कोटी रुपये होते; उणीव होती ती अभ्यासाची.

किष्किंधाकांडात हनुमंताचे पहिले बोलणे ऐकून प्रभू राम लक्ष्मणाला सांगतात की, वेदांचे अध्ययन आणि व्याकरणाचा अभ्यास असल्यावाचून कोणी असे बोलू शकणार नाही. ज्याच्या वाणीची प्रशंसा खुद्द रामाने केली, त्याच्याच वाणीची ही विटंबना! ‘आजच्या तरुणांना हीच भाषा कळते’ हे समर्थन तर तरुणांचाही अपमान करणारे आहे. टॉल्किन यांनी कल्पनेने घडवलेल्या भाषांचे उच्चार अचूक व्हावेत, म्हणून जॅक्सन यांनी नटांसाठी तज्ज्ञ नेमले. परक्यांनी कल्पित भाषेचा एवढा मान राखावा आणि आपण आपल्या आदिकाव्याचा राखू नये?

येथे दोष परक्यांवर ढकलून चालणार नाही. ‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’ देणारा हा दिग्दर्शक मराठी आहे. चित्रपटगृहात हनुमंतासाठी एक आसन रिकामे ठेवण्याची घोषणा झाली. पण आसन दिले की मान दिला असे होत नाही. प्रेक्षक संतापले तेव्हा संवाद बदलावे लागले. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही निर्मात्यांना खडसावले. ज्यांना रामकथा हा नेहमीच थट्टेचा विषय वाटत आला, त्या तथाकथित पुरोगाम्यांना आयते कोलीत मिळाले. ते कोणी दिले? भगव्या पताका लावून प्रसिद्धी करणाऱ्यांनीच!

युगो साको हा जपानी माणूस रामकथेने भारावला. राम मोहन यांच्यासारख्या भारतीय कलावंताला सोबत घेऊन त्याने नव्वदच्या दशकाच्या आरंभी रामायणाचा ॲनिमेशनपट पूर्ण केला. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतीय चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तीन दशकांनंतरही त्याचे तेज उणावलेले नव्हते. भक्ती जन्माने मिळत नाही, परिश्रमाने सिद्ध होते, याचे यापेक्षा उत्तम उदाहरण कोणते?

रामकथेवर चित्रपट येतच राहतील. ‘आपल्या धर्माचा चित्रपट आहे, सांभाळून घ्या’ ही भूमिका हिंदू समाजाने आता सोडली पाहिजे. देवाला किडके फूल वाहू नये, हे आपल्या घरातले लहान मूलही जाणते. मग पडद्यावरच्या पूजेत निर्माल्य का खपवून घ्यावे? कॅम्प १ मधल्या प्रेक्षकाच्या पूर्वजांनी मुलूख सोडला, पण धर्म आणि कथा सोडल्या नाहीत. त्या कथा हाती घेणाऱ्याकडे खडा हिशेब मागण्याचा अधिकार त्याचा आहे. तो त्याने तिकीटखिडकीवर निःसंकोच बजावावा!