सरासरीत आम्ही, आराखड्यात कोण?

पेण तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आम्ही बैठक घेतली होती. अर्ज भरून झाले आणि एका पोराने मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. भारत २०७० पर्यंत 'नेट झिरो' होणार. म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू, तेवढाच झाडं, समुद्र आणि यंत्रांच्या साहाय्याने शोषून घेऊ. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी विचारलं, "मग आपलं काय बंद करणार रे? चूल?"

सगळे हसले. पण आजींचा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. गेली काही वर्षं या देशात उत्सर्जन कमी करण्याचे जे आराखडे झाले, त्यांना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे.

आधी आराखडा काय आहे ते पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी २०७० चं लक्ष्य जाहीर केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये उद्दिष्टं ठरली: २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवायचं, वीजनिर्मितीची ५० टक्के क्षमता कोळसा-तेल-वायूबाहेरच्या स्रोतांतून उभी करायची आणि जंगल-झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन शोषायचा. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला इजिप्तच्या परिषदेत भारताने आपलं दीर्घकालीन धोरण सादर केलं. त्यात वीज, वाहतूक, शहरं, उद्योग, कार्बन काढून घेण्याचं तंत्रज्ञान, वनं आणि पैसा अशा सात वाटा आहेत. जून २०२५ मध्ये ५० टक्के क्षमतेचं लक्ष्य पाच वर्षं आधीच गाठलं गेलं. ही लहान गोष्ट नाही आणि आम्ही ती नाकारत नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे.

भारत जगासमोर उभा राहून काय सांगतो? आमच्याकडे जगाची सुमारे १७ टक्के लोकसंख्या, पण आजवरच्या उत्सर्जनात आमचा वाटा सुमारे ४ टक्केच. दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ज्यांनी जास्त धूर केला, त्यांनी जास्त भार उचलावा. हा युक्तिवाद शंभर टक्के बरोबर आहे.

पण ही सरासरी खाली कोण आणतं? दक्षिण मुंबईतला चार गाड्यांचा बंगला आणत नाही. अलिबाग-मांडव्याला शनिवार-रविवारपुरती एसी लावून उघडणारी फार्महाऊस आणत नाहीत. सरासरी खाली आणते ती बौद्धवाडी, जिथे एक पंखा आणि दोन दिवे आहेत. सरासरी खाली आणते ती कातकरवाडी, जिथली माणसं पावसाळा संपला की वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात. म्हणजे परदेशात आमची गरिबी ढाल म्हणून पुढे करायची. मग 'ज्याने जास्त केलं त्याने जास्त भरावं' हे तत्त्व देशाची वेस ओलांडून आत का येत नाही?

खाडीकाठी उभं राहून बघा

हा आराखडा समजून घ्यायला दिल्लीला जायची गरज नाही. रायगडच्या किनाऱ्यावर जवळपास सगळंच आहे. उरणला वायूवरचं वीज केंद्र आणि जेएनपीए बंदर. थळला नैसर्गिक वायूपासून खत करणारा आरसीएफचा कारखाना. धरमतरच्या खाडीवर डोलवीला जेएसडब्ल्यूचा वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा पोलाद प्रकल्प. आणि या सगळ्यांच्या मधोमध खारजमिनी आणि तिवरं.

पोलादाचंच घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'हरित पोलादा'ची व्याख्या केली: एक टन पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन असेल तर ते हरित, आणि जितका कार्बन कमी तितके तारे जास्त. युरोपनेही बाहेरून येणाऱ्या पोलादावर २०२६ पासून कार्बनचा आकार लावायला घेतला आहे. त्यामुळे भट्ट्या बदलणार, कोळसा कमी होणार, यंत्रं बदलणार. व्हायलाच हवं.

पण देशभरच्या अशा कारखान्यांत कोळसा उतरवणारा, राख झाडणारा, भट्टीजवळची सफाई करणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा ठेकेदाराचा. कंपनीच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. कायम कामगाराला युनियन आहे, नवं प्रशिक्षण मिळेल. याला एक दिवस सांगितलं जाईल, "ठेका संपला." पोलादाच्या ताऱ्यांमध्ये हा माणूस कुठेच मोजलेला नाही.

बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे की जात ही श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आराखडा अर्थव्यवस्थेची क्षेत्रं पाडतो. पण प्रत्येक क्षेत्राच्या आत जी उतरंड आहे, तिच्याकडे बघत नाही. 'न्याय्य संक्रमण' हे शब्द सरकारी कागदांत येतात, पण नुसत्या शब्दाने हक्क मिळत नाही.

कार्बनची नवी खोती

आता तिवरांकडे या. खारबंदिस्ती दुरुस्त झाली नाही की उधाणात बांधाला खांड पडते. खारं पाणी शेतात शिरतं, भात जातं आणि काही वर्षांत तिथे तिवरं उगवतात. अलिबागच्या बाजूचं गणेशपट्टी असंच पाण्यामुळे ओस पडलं. तिवरं तोडायला २००५ पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे. ती योग्यच आहे, कारण तिवरं किनारा राखतात, मासळी वाढवतात, कार्बन धरून ठेवतात. आता देशाच्या कार्बन क्रेडिट योजनेत तिवरांच्या लागवडीलाही जागा आहे. उद्या या चिखलाचे पैसे होतील.

ते कोणाला मिळतील? सातबारा ज्याच्या नावावर, त्याला थोडे. मध्यस्थ कंपनीला बरेच. आणि त्या खारात लावणी-कापणी करणारी बाई, निवटे-चिंबोऱ्या धरून पोट भरणारा कातकरी? त्यांच्याकडे सातबारा कधीच नव्हता. जमीन गेली तेव्हा ते प्रकल्पग्रस्त नव्हते, तिवरं आली तेव्हा ते लाभार्थी नाहीत.

रायगडच्या पोरांना हे नवं वाटायला नको. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा संप केला. कसणारा एक आणि खाणारा दुसरा, याविरुद्धचा तो लढा होता. बाबासाहेब त्या कुळांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोत सरकार आणि कुळ यांच्यामध्ये बसून खायचा. कार्बनचा दलाल जंगल आणि जंगलावर जगणारा यांच्यामध्ये बसून खाणार असेल, तर ती खोतीच आहे.

'हा आपला प्रश्न नाही' म्हणणाऱ्यांना

आपल्याच काही कार्यकर्त्यांचं म्हणणं असतं, हवामानबदल हा पोटभरल्यांचा विषय आहे, आपले प्रश्न अत्याचाराचे, शिष्यवृत्तीचे, नोकरीचे. मित्रांनो, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. बागायतदाराची भरपाई क्षेत्रावर, झाडांवर मोजली गेली. त्या बागेत सुपारी सोलून जगणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी कुठल्या रकान्यात होती? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. गाडले गेले ते ठाकर आदिवासी. पाऊस जात विचारत नाही असं म्हणतात. पण वस्ती कुठे बसवायची हे गावाने जात विचारूनच ठरवलेलं असतं.

आणि हा विषय आपला नसेल, तर बाबासाहेबांचा तरी कसा होता? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना विजेचं खातं त्यांच्याकडे होतं. १९४३ मध्ये त्यांनी मांडलं की स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय देशाचं औद्योगिकीकरण होणार नाही आणि वीज सरकारच्या हाती असावी. वीज म्हणजे तारा आणि खांब एवढंच त्यांच्यासाठी नव्हतं. गावगाड्यातून सुटण्याची ती वाट होती. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जात न बघता कसायला द्या, असंच सांगितलं. म्हणून आम्ही कारखान्यांच्या विरोधात नाही, स्वच्छ विजेच्या तर मुळीच नाही. आमचा विरोध आहे तो जुनीच उतरंड हिरव्या रंगात रंगवण्याला.

आमच्या मागण्या साध्या आहेत:

१. जातनिहाय जनगणना होणार आहे. प्रत्येक उद्योगातल्या ठेका कामगारांचीही जातनिहाय नोंद करा. ज्याची मोजदाद नाही, त्याचं पुनर्वसन कधीच होत नाही.

२. ज्या कंपन्या कार्बन क्रेडिट कमावतील, त्यांच्या ठेका कामगारांना नव्या कामाचं प्रशिक्षण आणि नोकरीत पहिला हक्क कायद्याने द्या.

३. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा जमिनीवर पोट असलेल्या भूमिहीनांनाही बाधित मानतो. तोच नियम तिवरांच्या आणि सौर प्रकल्पांना लावा. उत्पन्नातला वाटा वाडीच्या ग्रामसभेकडे जाऊ द्या.

४. घरावरच्या सौर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, पण त्याला स्वतःच्या नावावरचं, पॅनेलचा भार पेलणारं छप्पर लागतं. ज्यांचं घरच नावावर नाही, त्यांच्यासाठी वाडीचा सामूहिक प्रकल्प उभारा.

शेवटी आपल्या पोरांना एकच सांगणं. पर्यावरण परवानगीच्या जनसुनावण्या आपल्याच तालुक्यात होतात. तिथे कंपनीचे लोक असतात, पुढारी असतात, मुंबईचे पर्यावरणवादी असतात. आपण नसतो. पुढच्या सुनावणीला अहवाल वाचून जा, लेखी हरकत द्या, पोच घ्या. आणि आजींचा प्रश्न तिथे मोठ्याने विचारा: आमचं काय बंद करणार, आणि आम्हाला काय देणार?

जय भीम!