जिवंत प्रयोगाची पाठचिकित्सा

रॉक आणि ब्लूज संगीताच्या मैफलींवरील माहितीपटांविषयी आपल्याकडील जाणत्या रसिकांत एक समजूत घट्ट रुजलेली आहे. गाणारा गात होता, कॅमेरा तिथे हजर होता, आणि जे घडले ते जसेच्या तसे फिल्मवर उतरले, अशी ती समजूत. तिच्याच आधारे 'अविस्मरणीय प्रयोगां'च्या याद्या तयार होतात. माँटेरीची जॅनिस जॉप्लिन, वुडस्टॉकचा जिमी हेंड्रिक्स, 'द लास्ट वॉल्ट्झ'मधला मडी वॉटर्स ही नावे त्यांत ठरलेली. साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापकही या याद्या भाविकपणे पुढे चालवतात, याचे आम्हांला नवल वाटते आणि खेदही होतो. पडद्यावर आपण पाहतो तो प्रयोग नसतो, प्रयोगाचा एक पाठ असतो. तो कोणीतरी निवडून, कापून, जुळवून सिद्ध केलेला असतो. ज्यांनी एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सेचे धडे गिरवले, त्यांनी तरी तो पाठ मूळ म्हणून स्वीकारू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

उदाहरण सर्वांत लाडक्या प्रयोगाचेच घेऊ. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरी येथे झालेल्या महोत्सवावर डी. ए. पेनिबेकर यांनी 'माँटेरी पॉप' (१९६८) हा चित्रपट केला. त्यात 'बॉल अँड चेन' गाणारी जॉप्लिन उत्स्फूर्ततेची परमावधी मानली जाते. वस्तुस्थिती अशी की, तिचा वाद्यवृंद शनिवारी दुपारी एकदा गाऊन गेला होता. पण त्यांच्या व्यवस्थापकाने चित्रीकरणाला संमती दिली नव्हती. त्या गायनाचा बोलबाला झाल्यावर रविवारी त्यांना पुन्हा मंचावर आणले गेले आणि तेव्हाचे गाणे चित्रित झाले. म्हणजे ज्याला आपण एकदाच घडलेला क्षण समजतो, तो दुसरा प्रयोग आहे, आणि तो झालाच मुळी चित्रीकरणासाठी. यामुळे जॉप्लिन उणी ठरत नाही. उणे ठरते ते आपले 'उत्स्फूर्त' हे विशेषण. शिवाय ते गाणे बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेचे आहे. किती याद्यांत तिचे नाव येते?

याच चित्रपटाचा शेवट पंडित रविशंकरांच्या सतारवादनाने होतो. सुरुवातीला बराच वेळ केवळ श्रोत्यांचे चेहरे दिसत राहतात आणि मग वादक दिसू लागतात. हा शेवट पाहून महोत्सवाची सांगता सतारीने झाली असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात रविशंकर रविवारी दुपारी वाजवून गेले होते आणि रात्रीची अखेर 'द मामाज अँड द पापाज' यांनी केली होती. घटनांचा क्रम संकलनाच्या टेबलावर बदलला गेला. त्यातून जो अर्थ निघतो, कोलाहलाकडून एकाग्रतेकडे जाण्याचा, तो अर्थ त्या संकलनाने रचला आहे. महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत तो सापडणार नाही.

लेड झेपेलिनच्या 'द साँग रिमेन्स द सेम' (१९७६) या चित्रपटात तर याहून पुढची मजल आहे. जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टिपलेल्या कार्यक्रमांत जागोजागी दृश्ये अपुरी निघाली. मग १९७४ मध्ये इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत ते वादन नव्याने उभे केले गेले. दरम्यान जॉन पॉल जोन्स याने केस कापले होते, म्हणून त्याला टोप घालून उभे राहावे लागले. हा टोप आम्हांला सगळ्या 'जिवंत' चित्रीकरणांचे बोधचिन्ह वाटतो.

यावर कोणी म्हणेल, हा तपशील शौकिनांपुरता आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा. ज्ञानेश्वरी शिकवताना आपण एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले शुद्धीकरण सांगतो, राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून छापलेली प्रत सांगतो, कुठली ओवी कुठल्या प्रतीत आहे यावर तासच्या तास खर्च करतो. कोणी एका छापील प्रतीला 'हेच ज्ञानेश्वरांचे शब्द' म्हणाला तर त्याला आपण अडाणी ठरवू. मग 'वुडस्टॉक'चे काय? मायकल वॉडली यांचा १९७० सालचा पाठ तीन तासांचा, आणि त्यात जॉप्लिन नाही. १९९४ चा दिग्दर्शकीय पाठ सुमारे पावणेचार तासांचा, आणि त्यात ती आहे. चोवीस वर्षे ज्यांनी केवळ पहिला पाठ पाहिला, त्यांच्या लेखी जॉप्लिन वुडस्टॉकला गायलीच नव्हती. दोन्ही पाठांत हेंड्रिक्स शेवटी येतो आणि साऱ्या जमावाचा निरोप घेतोसा भासतो. वास्तविक तो सोमवारी सकाळी वाजवत होता आणि बहुसंख्य लोक तोवर घरी परतले होते. हे पाठभेद आहेत आणि त्यांना तीच शिस्त लागू पडते, जी आपण पोथ्यांना लावतो.

आता मुख्य मुद्दा. पाठ कोणता, हा प्रश्न पुढच्या एका प्रश्नापर्यंत नेतो: पाठ कोणाचा झाला आणि कोणाचा झालाच नाही? १९६९ च्या ज्या उन्हाळ्यात वुडस्टॉक झाले, त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात माउंट मॉरिस पार्कमध्ये सहा कार्यक्रमांचा 'हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल' झाला. बी. बी. किंग तिथे वाजवून गेला. नीना सिमोन, स्टीव्ही वंडर, महालिया जॅक्सन तिथे गायले. हॅल टल्चिन यांनी सुमारे चाळीस तासांचे चित्रीकरण केले. त्यातील काही भाग त्या वर्षी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. पण त्यावर चित्रपट काढण्यासाठी पुढे यायला कोणी तयार होईना. अखेर अहमिर 'क्वेस्टलव्ह' थॉम्पसन यांनी 'समर ऑफ सोल' सिद्ध केला तो २०२१ मध्ये, आणि २०२२ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. टल्चिन २०१७ मध्येच वारले होते. वुडस्टॉकच्या चित्रपटाला तेच ऑस्कर महोत्सवानंतर दोन वर्षांच्या आत मिळाले होते. मधली पन्नास वर्षे 'त्या पिढीचे संगीत' म्हणताच जगाच्या डोळ्यांसमोर कोणते शेत आणि कोणते चेहरे उभे राहिले, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा 'अविस्मरणीय' हा शब्द वापरताना थोडी लाज बाळगावी. स्मरणात राहण्याची संधीच ज्याला नाकारली गेली, त्याच्यावर विस्मृतीचा शेरा मारणे ही समीक्षा नव्हे.

आमच्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: अशा चिकित्सेने रसभंग होतो. आम्ही उलट म्हणतो. 'द लास्ट वॉल्ट्झ' (१९७८) हा मार्टिन स्कोर्सेसी यांचा चित्रपट 'द बँड' या वाद्यवृंदाच्या निरोपाच्या मैफलीवरचा. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये २५ नोव्हेंबर १९७६ रोजी झाली. मडी वॉटर्सला कार्यक्रमातून वगळावे अशी सूचना आली होती आणि तिला आपण कडाडून विरोध केला, असे ढोलवादक लेव्हन हेल्म याने १९९३ सालच्या आत्मचरित्रात लिहिले आहे. वॉटर्सने त्या रात्री दोन गाणी म्हटली. चित्रपटात एकच आले. ते 'मॅनिश बॉय' सुरू झाले तेव्हा लास्लो कोव्हाक्स यांचा कॅमेरा तेवढा चालू होता, बाकीचे बंद होते. म्हणून जवळजवळ सबंध गाणे आपण एकाच नजरेने पाहतो. गायकाचा चेहरा, मिटलेले डोळे, मूठ, अंगाचा झोक यांवरून ती नजर हलत नाही. कापायला दुसरे दृश्यच नसल्यामुळे संकलकाला वॉटर्सवर विश्वास टाकावा लागला. हे कळल्यावर त्या गाण्याचा रस कमी होतो काय? आम्हांला तर तो दुणावलेला दिसतो. ब्लूजच्या एका थोर गायकाचे हे दर्शन दोनदा निसटता निसटता वाचले, हे कळते, आणि असे किती निसटले असेल याचीही जाणीव होते.

संकलन म्हणजे लबाडी, असेही आम्ही म्हणत नाही. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा 'गिमी शेल्टर' (१९७०) पाहावा. ६ डिसेंबर १९६९ रोजी अल्टामाँट येथे रोलिंग स्टोन्सच्या मैफलीत मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची हत्या झाली आणि ती कॅमेऱ्यात आली. दिग्दर्शकांनी ती फिल्म संकलनाच्या टेबलावर मिक जॅगरला दाखवली आणि ते पाहणेही चित्रपटात ठेवले. पाठ कसा सिद्ध होतो, हे तो पाठ स्वतःच दाखवतो. तरीही पॉलीन केल यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये या चित्रपटाला धारेवर धरले. चित्रीकरणासाठी म्हणून जे घडवले जाते, त्याची जबाबदारी कोणाची, हा त्यांचा रोख होता. दिग्दर्शकांना ती टीका अन्यायकारक वाटली. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, समीक्षेने विचारायचा प्रश्न तो हाच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हे चित्रपट वर्गात जरूर दाखवावेत. पण दाखवताना चार प्रश्न फळ्यावर लिहावेत: हे कितव्यांदा गायले गेले? याच्या आधी आणि नंतर प्रत्यक्षात काय होते? कोणता पाठ आपण पाहत आहोत? आणि त्याच वेळी जवळपास कोण गात होते, ज्याच्यापाशी कॅमेरा पोहोचला नाही, किंवा पोहोचूनही ज्याची फिल्म पडून राहिली? यांची उत्तरे शोधणारा विद्यार्थी मडी वॉटर्स अधिक कान देऊन ऐकेल, आणि उद्या एखादी पोथी हाती आली तर तीही अधिक नीट वाचेल. याद्या पाठ करणाऱ्याच्या हाती मात्र नावे तेवढी राहतील.